चढापुरतं चाक

“गिअर चढाच्या आधी टाकायचा. चढावर नाही. चढावर गाडीला विचार करायला लावलंस, की ती मागे बघायला लागते.”

हा आमच्या बाबांचा आवाज. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण स्टिअरिंगला हात लावला की तो अजून कानाशी येतो. बाबा मालाचा ट्रक चालवायचे. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी मोकळ्या मैदानात गाडी शिकवायला घेतली. मी शिकले. धाकटी शेजारी बसून नुसती हसत राहिली. “ताई चालवेल की! मला कशाला ताप?” म्हणायची. तिचं हे म्हणणं असं खरं होईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

धाकटी आता वरच्या डोंगरउतारावर राहते. पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या राखणीचं काम तिच्या नवऱ्याकडे. टाकीला लागूनच दोन खोल्यांचं घर. गेल्या आजारपणात तिची फुप्फुसं अशी काही सुकली, की रात्रीचा श्वास आता ऑक्सिजनच्या सिलिंडरवर चालतो. वर वीज असली तर असते, म्हणून हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राचा भरवसा नाही. सिलिंडरच हवेत, आणि ते दर आठवड्याला हवेत.

आधी ते पुरवठादाराची गाडी पोचवायची. मग वरचा कडा सुटला, वाटेवर दगड आले, आणि त्या गाडीच्या ड्रायव्हरने हात जोडले. “मॅडम, मला बायकापोरं आहेत,” म्हणाला. त्याचंही खरंच होतं. तेव्हापासून तो सिलिंडर आमच्या अंगणात उतरवतो आणि पुढे आमची पिकअप घेऊन मी जाते. पिकअप ह्यांची. डिझेलची, जुनी, पण इंजिन एकदम ठणठणीत. ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, क्लच दाबणारा पाय रुसला, तशी किल्ली माझ्याकडे आली.

मागच्या खेपेला गाडी अडकली. वाटेच्या शेवटच्या वळणावर दोन चाकोऱ्यांच्या मधोमध एक दगड वर आलाय. जमिनीत किती खोल गेलाय देव जाणे, पहारीने हलत नाही. गाडीच्या मागच्या आसाला मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो त्या दगडावर टेकला आणि गाडी बसली. अंड्यावर कोंबडी बसावी तशी. पुढे नाही, मागे नाही. शेवटी धाकटीच्या नवऱ्याने वरून माणसं आणली आणि सिलिंडर खांद्यावरून गेले. त्यातल्या एकाचा पाय मुरगळला.

त्याच संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. “ताई, असं किती दिवस? शहरातल्या दवाखान्यात कायमचा बेड मिळतोय. तिथे भिंतीतूनच ऑक्सिजन येतो. येत्या शनिवारी सिलिंडर नाही पोचले, तर मी हिला खाली हलवतो.”

माणूस वाईट नाही. घाबरलेला आहे. मग मागून धाकटीने फोन ओढून घेतला. तिचा प्रत्येक शब्द धापेतून येत होता.

“ताई, तो वॉर्ड मी पाहिलाय. खिडकीबाहेर भिंत आहे. तिथे गेलेलं कुणी परत येत नाही गं. मला इथून उचलू देऊ नकोस.”

“तू हलायचं नाहीस,” मी म्हटलं. “शनिवारी सिलिंडर येतील.”

“वचन?”

वचन हा शब्द मी सहजासहजी तोंडातून काढत नाही. रोजचे माझे नेम थोडेच आहेत, पण घेतले ते मोडलेले नाहीत, म्हणूनच नवा घेताना जीभ अडखळते. तरी म्हटलं, “वचन.”

फोन ठेवला आणि मग मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, हे आणि ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, असे तिघं टायरच्या दुकानात गेलो. भाऊजी टॅक्सी चालवतात. त्यांच्या टॅक्सीला जेवढे दिवे आहेत तेवढे आमच्या घराला नाहीत. गाडीत काही नवं बसवायचं म्हटलं, की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं.

दुकान म्हणजे दोन खांबांवर पत्रा आणि त्याखाली टायरांचे मनोरे. मालकांना सगळा रस्ता मामा म्हणतो. मामांनी गाडीखाली वाकून त्या गोळ्यावरचा ओरखडा बघितला आणि ते चुकचुकले.

“दादा, सोपं आहे,” भाऊजी म्हणाले. “मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आणखी एकेक पाटा घालू. गाडी आपोआप उचलली जाते.”

“गाडी उचलली जाईल,” मामा म्हणाले, “गोळा नाही. गोळा आसाला, आस चाकाला. पाटे त्याच्या वर. साडी कितीही वर खोचा, गुडघा आहे तिथेच राहतो. गोळा वर न्यायचा तर चाकच उंच हवं.”

“मग अठराची रिम टाका! काळी, चकचकीत. ती तिकडे टांगलीय ना, तसली.”

मी त्या रिमकडे बघितलं. तिच्यावरचा रबर म्हणजे बांगडीला लावलेला काठ.

“मामा, बाहेरून मोजलं तर हे चाक आपल्यापेक्षा किती उंच?” मी विचारलं.

“तसं बघितलं तर नाहीच. रिम वाढली तेवढा रबर कमी झाला. दगडावर तर पहिल्या दणक्याला रिमच चेपणार.”

“म्हणजे नुसता थाट.”

“वहिनी, थाटाला नुसता म्हणू नये,” भाऊजी दुखावून म्हणाले. “तुम्ही असं करा, देवालाच साईज विचारा.”

“देवाकडे मी चढ मागितलाय, भाऊजी. साईज आपणच बघायची.”

हे हसले. आजारानंतर हे हसले की ओठ एका बाजूलाच वर जातो, पण मला ते हसू पुरतं.

मग मामांनी रिम आहे तीच ठेवून दोन टायर पुढ्यात उभे केले. एक मधला. आमच्यापेक्षा थोडा उंच, अंगाने सडपातळ, पण बाजूची भिंत जाडजूड. दुसरा राक्षस. उंच आणि रुंद, त्याच्या खाचांत माझा अंगठा अख्खा बुडाला. मामांनी सांगितलं ते मी नीट ध्यानात ठेवलं. टायर जेवढा उंच होतो, त्याच्या निम्मंच गोळ्याखाली मिळतं. उरलेलं निम्मं वर जातं, मडगार्डच्या कमानीत.

“मग कमी का घ्या? मोठाच घ्या,” भाऊजी म्हणाले.

“कमानीत मावला तर,” मामा म्हणाले आणि त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

इथे एक सांगायला हवं. ह्यांच्या मुठीचं माप या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक. उभ्या हयातीत ह्यांनी कुठल्याही गाडीचं चाक पट्टीने मापलं नाही. स्टिअरिंग पूर्ण कापायचं, म्हणजे एका बाजूला जाईल तेवढं वळवायचं, आणि टायर आणि कमान यांच्या मधल्या फटीत मूठ घालायची. गेली तर चाक चालेल, अडली तर घासेल. मामा स्वतः कितीदा गिऱ्हाइकाला म्हणालेत, “थांबा, त्यांची मूठ घालून बघू.” एकदाही चूक झालेली नाही.

मामांनी मोठा टायर पुढे चढवला. भाऊजींनी स्टिअरिंग कापलं. हे काठी टेकत गेले, वाकले, मूठ घातली. ती सरळ आत गेली.

“गेली!” भाऊजी असे ओरडले, की जणू लॉटरी लागली. मामांनी मान डोलावली. मीही.

चारही मोठे टायर बसले. गाडी अशी दिसायला लागली, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. भाऊजींनी फोटो काढले.

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, आता शनिवारी बघायचं. पण माझ्या मनाला स्वस्थता नव्हती. सिलिंडर काही कापूस नाही. मी मागे वाळूची पोती भरली, सिलिंडरांच्या वजनाइतकी आणि वर आणखी एक. आमच्या घरामागे विटांच्या भट्टीकडे जाणारा एक खडा चढ आहे. हे शेजारी बसले, भाऊजी मागे पोत्यांवर.

पायथ्याशीच पहिला गिअर टाकला. बाबांनी सांगितलं तसं, चढाच्या आधी. एरवी आमची गाडी या चढावर गुरगुरत निघते, तक्रार करत नाही. आज अर्ध्यावर तिचा आवाज खाली बसला. मी पाय दाबला तशी ती थरथरली आणि बंद पडली. पहिल्याच्या खाली आणखी गिअर कुठून आणू? हाफ क्लचवर निघायला बघितलं तर करपल्याचा वास आला.

“चाक मोठं झालं ना,” हे हळूच म्हणाले. “एका फेऱ्यात जास्त वाट कापायला लागते. पहिल्यात टाकलीस, पण इंजिनाला तो दुसरा वाटतो. नाकापेक्षा मोती जड झाला.”

मागे घेऊन वळवायला मी स्टिअरिंग पूर्ण कापलं, आणि पुढून असा आवाज आला, की जणू कुणीतरी जाड कापड टराटरा फाडतंय. उतरून बघितलं. टायर कमानीच्या आतल्या प्लास्टिकला घासून घासून ते सोललं गेलं होतं.

“पण मूठ तर गेली होती!” भाऊजी म्हणाले.

“पोत्यांनी गाडी बसली असेल,” मी म्हटलं.

“मी पोती धरूनच मापतो,” हे म्हणाले. “मुठीत वजन धरलेलं असतं. कधी चुकलं नाही ते.”

पोती उतरवली. गाडी सपाटीवर घेतली, स्टिअरिंग कापलं. हे पुन्हा वाकले. मूठ पुन्हा आत गेली, आणि आता मी बघत होते म्हणून दिसलं. नुसती गेली नाही, आत जाऊन सैल फिरली. आजारात तो हात वाळला, तेव्हा त्यातली अंगठी घसरू नये म्हणून तिला मागे मीच दोरा गुंडाळून दिला होता. रोज तो दोरा बघत होते. पण ज्या हाताला दोरा लागला, त्याच हाताने आपण चाक मापतोय, हे काही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, मामांच्याही नाही.

ह्यांनी हात बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, “तू घाल बघू.”

“अहो, राहू दे.”

“घाल म्हणतो ना.”

मी मूठ वळली. गेल्या काही महिन्यांत सिलिंडर लोटून, पोती ओढून माझा हात भरलाय. मूठ फटीच्या तोंडाशीच अडली. बोटांची हाडं टायरवर घासली.

हे उलट्या बादलीवर बसले. मला वाटलं आता कसं सांभाळायचं यांना. पण तेच म्हणाले, “इतकी वर्षं मी चाकं मापली. आज चाकाने मला मापलं. चालायचंच.”

“अहो...”

“रडू नकोस. रडायला शनिवारनंतर वेळ आहे. शनिवारी काय करायचं ते सांग.”

मी रडत नव्हते. पण त्यांनी तसं म्हटल्यावर मात्र डोळे पुसावे लागले. मग आत जाऊन तोंड धुतलं, देवापुढे क्षणभर उभी राहिले, काही मागितलं नाही, आणि फोन घेऊन बाहेर आले.

धाकटीच्या नवऱ्याला लावला. “एक काम करा. त्या दगडापाशी जा. चाकोरीच्या तळापासून दगडाचं डोकं किती वर आहे ते मला मापून सांगा.”

“मागेच बघितलंय मी ताई. एक वीत आणि दोन बोटं.”

“वीत नको,” मी म्हटलं. “बोटंही नको. पट्टी घेऊन जा.”

“आता? अहो, केवढंसं अंतर ते...”

“आत्ता. उजेड आहे तोवर. आणि चाकोरीवर आडवी काठी ठेवून मापा, अंदाजाने नको.”

माझा आवाज वाढला नव्हता. मला वाढवता येत नाही तो. पण ते गेले. पट्टीचं माप आलं तेव्हा कळलं, की त्यांच्या वितीच्या हिशेबात दगड खरा होता त्याहून कितीतरी उंच झाला होता. भीतीने मापला होता तो त्यांनी.

सकाळी पुन्हा मामांचं दुकान. भाऊजी वाटेत एकदा म्हणाले, “वहिनी, कमान थोडी कापून ठोकून वर घेतली तर? हे टायर राहतील. काल तिघांनी विचारलं मला, कुणाची गाडी म्हणून.”

“त्या तिघांना सिलिंडर पोचवायचे नाहीयेत, भाऊजी. आणि कमान कापाल, चढ कसा कापणार?”

“तेही खरंच,” म्हणाले, आणि मोबाइलमधला फोटो एकदा शेवटचा बघून घेतला.

मामांनी सोललेलं प्लास्टिक बघितलं आणि खाली बसले. “चूक माझीसुद्धा,” म्हणाले. “ह्यांची मूठ गेली, म्हणजे झालं. पट्टी माझ्या खिशातच होती, पण ती काढणं म्हणजे ह्यांचा अपमान वाटला असता मला.”

“आज काढा,” हे म्हणाले. “मला नाही वाटणार.”

मामांनी मोठे टायर उतरवून मधला चढवला. गोळ्याखाली पट्टी धरली. दगडाचं माप आणि गोळ्याचं माप यांत फरक राहिला तो बोटभर.

“बोटभरच?” भाऊजी म्हणाले. “उंटावरून शेळ्या हाकतोय असं समजू नका, पण बोटभर म्हणजे काय वहिनी, माशी चिरडेल!”

“बोटभर पुरे. दगड काही उडी मारत नाही.”

“पण एक ध्यानात ठेवा,” मामा म्हणाले. “दगडाधोंड्यावर हवा कमी करायची सवय असते लोकांना, चाक मऊ चालतं म्हणून. तुम्ही करायची नाही. हवा काढलीत की ते बोट गेलं.”

“नाही काढणार. धक्के बसले तर बसू देत. मी हळू जाईन.”

“आणि वेगाच्या काट्यावर विसंबू नका. चाक उंच झालं की काटा खोटं बोलतो. दाखवतो त्यापेक्षा गाडी जोरात असते.”

“मी काट्याकडे बघतच नाही. वाटेकडे बघते.”

मग मीच सांगितलं, की आता सिलिंडरांइतकं वजन मागे भरा. मामांच्या दुकानात वजनाला काय तोटा? जुने टायर, लोखंडी जॅक, सगळं भरलं. गाडी बसली. मी स्टिअरिंग एकीकडे पूर्ण कापलं, मग दुसरीकडे. दोन्हीकडे पट्टी लागली, दोन्हीकडे जागा राहिली. उठता उठता मामा म्हणाले, “चार ना?”

“पाच,” मी म्हटलं.

“स्टेपनी जुनी चालेल की वहिनी. तात्पुरती तर लावायची.”

“वरच्या वाटेवर पंक्चर झालं आणि बुटकी स्टेपनी लागली, तर गोळा पुन्हा खाली. मग तात्पुरतीच गाडी त्या दगडावर बसणार का? पाच.”

भाऊजींनी दोन्ही हात वर केले. “दादा, तुझी बायको आता आपलं ऐकत नाही.”

“आधी कधी ऐकत होती?” हे म्हणाले.

परत येताना भट्टीचा चढ पुन्हा चढून बघितला, त्याच वाळूच्या पोत्यांसकट. गाडी पूर्वीइतकी खुशीत नव्हती. थोडी कण्हली, वर मात्र आली. एकदाने झालं नाही माझं समाधान, म्हणून पुन्हा चढवली. तिसऱ्यांदा ह्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, “बास. येईल.”

शुक्रवारी संध्याकाळी पुरवठादाराची गाडी आली. सिलिंडर आडवे ठेवायचे, डोकी एकीकडे, मध्ये गोणपाट, आणि दोन्ही बाजूंनी दोर. गाठ मारायला ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. डाव्या हाताने दोर नुसता धरला, उजव्याने ओढला, आणि उरलेलं टोक दातांत धरलं. वेळ लागला. भाऊजी मदतीला पुढे झाले तर म्हणाले, “तू हो बाजूला. हे येतं अजून मला.” गाठ मी हलवून बघितली. ती दगडासारखी बसली होती.

भाऊजी मागे मागे घोटाळत होते. शेवटी म्हणाले, “वहिनी, मी येऊ का बरोबर? टॅक्सी उद्या बंद ठेवतो.”

“तुम्ही आलात तर मागे वजन वाढेल,” मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, म्हणून मी पुढे म्हटलं, “ह्यांच्याजवळ थांबा. फोनपाशी बसा. एकट्याने वाट बघणं फार जड जातं माणसाला.”

“बसतो,” ते म्हणाले. थट्टा केली नाही.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला उठले. नेमाचं सगळं केलं, त्यात काही घाई केली नाही. घाईत केलेलं देवालाही कळतं आणि मलाही. चहा ह्यांनी केला होता, एका हाताने. निम्मा सांडलेला. तो प्यायले.

धाकटीच्या नवऱ्याचा फोन वाजला. “ताई, वर कालपासून वीज नाही. हातातला सिलिंडर काट्याच्या लाल पट्ट्याला आलाय. दवाखान्याच्या गाडीला मी त्या दगडाच्या अलीकडे दुपारची वेळ दिलीय. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी राग मानणार नाही.”

मागून धाकटीच्या श्वासाचा आवाज येत होता. ती काही बोलली नाही. मला वाटतं, बोलण्यापुरता श्वास ती वाचवत होती.

“त्या गाडीला येऊ नका म्हणून सांगा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पाची चाकांची हवा बघितली. मामांनी हवा मापायची काडी दिली होती, ती लावून बघितली, अंदाजाने नाही. हे काठी टेकत फाटकापर्यंत आले. मी फाटक उघडलं, त्यांनी ते धरून ठेवलं.

गल्ली अजून जागी व्हायची होती. मी हॉर्न दिला नाही. गाडी हळूच बाहेर काढली, आणि वरच्या वाटेकडे वळवली.